चाहत्यांचा अंक काढताना

फॅनझाइन काढायचं ठरलं की हल्ली सर्वांत आधी लोगो तयार होतो. मग इन्स्टाग्रामवर खातं, डिस्कॉर्डवर शे-सव्वाशे जणांचा गट, आणि ‘असा अंक निघाला तर घ्याल का’ असं विचारणारा गूगल फॉर्म. अंक वर्षा-दीड वर्षानं येतो, किंवा येतच नाही. मालिका, मांगा, गेम, गायक, फुटबॉल क्लब अशा कशावर तरी जीव असलेल्या माणसांनी पदरमोड करून काढलेला अंक, एवढीच खरं तर फॅनझाइनची ओळख. नव्वदहून अधिक वर्षं हे काम तऱ्हातऱ्हांनी चाललं आहे. त्यातलं नवख्यानं काय उचलावं आणि काय सोडावं, ते इथे पाहायचं आहे. माझा कल आधीच सांगून ठेवणं बरं: आजचं फॅनझाइन देखणं झालं, पण विकायची वस्तू झालं. पूर्वी तो पत्रव्यवहार होता, आणि सुरुवात त्याच बाजूनं केलेली सोपी जाते.

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. वाचकांची पत्रं छापताना त्यांखाली पूर्ण पत्ताही छापला जाई. पुढचं सगळं या एका सवयीतून निघालं. पत्ते बघून वाचक परस्पर एकमेकांना लिहू लागले, त्यांची मंडळं झाली, आणि मे १९३० मध्ये सायन्स करस्पॉन्डन्स क्लब या अशाच एका मंडळानं ‘द कॉमेट’ काढलं. संपादक रेमंड पामर. पहिलं फॅनझाइन म्हणून त्याचंच नाव घेतात. क्लीव्हलँडच्या शाळेत शिकणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी जानेवारी १९३३ मध्ये स्वतःच्या अंकात ‘सुपरमॅन’ नावाचं पात्र आणलं. तेव्हा तो टकला खलनायक होता. नायक व्हायला त्याला आणखी पाच वर्षं लागली. रे ब्रॅडबरी यांनीही १९३९-४० मध्ये ‘फ्युचुरिया फँटेशिया’चे चार अंक काढले होते. ही नावं नेहमी सांगितली जातात, पण त्यांच्यामुळे फॅनझाइनला किंमत येते असं नाही. अंक काढणारे बहुतेक जण पुढे आपापल्या नोकरी-धंद्याला लागले आणि सवडीनं अंक काढत राहिले.

अंकाचं रूप यंत्र ठरवत होतं. हेक्टोग्राफ म्हणजे ट्रेमध्ये ओतून गोठवलेलं जिलेटिन. जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद त्यावर दाबायचा, उचलायचा, आणि मग एकेक कोरा कागद ठेवून ठसा उमटवत जायचं. पन्नासेक प्रतींनंतर शाई फिकी पडून अक्षर लागेनासं होई. म्हणजे वाचक पन्नास, आणि ते कोण हे संपादकाला नावानिशी ठाऊक. ज्यांना परवडलं त्यांनी मिमिओग्राफ घेतलं, म्हणजे आपल्याकडे शाळेचे पेपर ज्यावर निघत ते सायक्लोस्टाइल. त्यावर काहीशे प्रती सहज निघत.

वाटपाची सोय त्याहून हुशारीची होती. १९३७ मध्ये डोनाल्ड वॉलहाइम यांच्या पुढाकारानं ‘फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ उभी राहिली. प्रत्येक सभासदानं आपला अंक काढायचा, सभासदांच्या संख्येइतक्या प्रती नेमलेल्या संपादकाकडे धाडायच्या, आणि त्यानं सगळ्यांचे अंक एकत्र बांधून दर तीन महिन्यांनी सगळ्यांना गठ्ठा पाठवायचा. सभासद किती, तर बराच काळ जास्तीत जास्त ६५. वर्षाकाठी निदान आठ पानं काढली नाहीत तर सभासदत्व जाई. आठ पानं! बारा महिन्यांत एवढीच अपेक्षा. सुट्या फॅनझाइनांची किंमत पैशांत असे, तशी ‘नेहमीच्या बोली’वरही असे: बदल्यात तुमचा अंक पाठवा, किंवा काही लिहून-काढून द्या, किंवा वाचून सविस्तर पत्र लिहा. मेरिलँडमधल्या हेगर्सटाउनचे पत्रकार हॅरी वॉर्नर ज्युनियर यांनी आयुष्यभर अशी पत्रं लिहिली. चाहता-लेखक म्हणून त्यांना १९६९ आणि १९७२ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. पत्र हा अंकाचाच भाग मानला जात होता, त्याशिवाय हे घडलं नसतं.

मराठीत फॅनझाइनची अशी सलग परंपरा नाही, पण यंत्र आणि वृत्ती दोन्ही ओळखीची आहेत. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचं ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवरच निघालं. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’, राजा ढाले यांचं ‘येरू’, भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’ आलं. ते चाहत्यांचे अंक नव्हेत. कुणाचेही चाहते नसणं हाच त्यांचा बाणा होता. पण स्वतःला ‘अनियतकालिक’ म्हणवून घेऊन त्यांनी नवख्यांचा एक मोठा घोर मिटवला. अंक तयार होईल तेव्हा येईल, पुढचा कधी ते विचारू नका. शाळा-कॉलेजांतली हस्तलिखितं तर याहून जवळची. अक्षर चांगलं असलेल्या मुलीला मजकूर उतरवायला बसवायचं, चित्रकला बरी असलेल्याच्या गळ्यात मुखपृष्ठ घालायचं, आणि तयार झालेली एकुलती एक प्रत हातोहात फिरवायची. ज्यानं असं हस्तलिखित एकदा केलं आहे त्याला फॅनझाइनच्या संयोजनातला अर्धा भाग येतोच, विशेषतः मजकूर देतो म्हणून न देणाऱ्यांच्या मागे लागण्याचा.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली आणि वर्षभरात ‘स्पॉकनेलिया’ निघालं. संपादक डेव्हरा लँगसम आणि शर्ना कमरफोर्ड. पहिल्याच अंकात स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांचं पत्र होतं. १९७० पर्यंत पाच अंक आले. फॅनझाइनचा चेहरा इथे बदलला. आधी अंक काढणारे मुख्यतः पुरुष होते आणि मजकूर वादचर्चेचा. आता बायका आल्या आणि मालिकेतली पात्रं घेऊन नव्या कथा रचू लागल्या. अंक जाडजूड झाले, पुढे ऑफसेटवर गेले, संमेलनांत टेबलं मांडून विकले जाऊ लागले. स्वतःचीच टर उडवण्याइतकं भानही त्यांना होतं. १९७३ मध्ये ‘मेनाजरी’त पॉला स्मिथ यांनी साडेपंधरा वर्षांच्या सर्वगुणसंपन्न लेफ्टनंट मेरी स्यूची चिमुकली कथा लिहिली; लेखिकेनं स्वतःलाच नायिका करून मिरवण्याच्या खोडीला ते नाव कायमचं चिकटलं.

मालक मंडळींचं लक्ष जाणारच होतं. १९८१ मध्ये लुकासफिल्मनं ‘स्टार वॉर्स’चे अंक काढणाऱ्यांना पत्रं पाठवून प्रौढांसाठीचा मजकूर खपवून घेणार नाही असं बजावलं. फॅनझाइन काढणंच थांबवा, असं मात्र म्हटलं नाही. तेव्हापासून एक अलिखित समझोता चालत आला आहे: फायदा कमवू नका, आमच्या मालाशी स्पर्धा करू नका, आम्ही काणाडोळा करू. हा काणाडोळा कधीही थांबू शकतो, हे अंक काढणाऱ्यानं गृहीतच धरावं.

संगीत आणि खेळातली कथा छोटी आहे. लंडनमध्ये बँकेत कारकुनी करणाऱ्या मार्क पेरीनं जुलै १९७६ मध्ये ‘स्निफिन ग्लू’ काढलं. साधं टाइपरायटर, फेल्ट पेन आणि फोटोकॉपी, पहिल्या अंकाच्या पन्नासेक प्रती. खप हजारोंत गेल्यावर वर्षभरातच त्यानं अंक बंद केला. इंग्लंडमधल्या फुटबॉलप्रेमींचं ‘व्हेन सॅटर्डे कम्स’ १९८६ मध्ये निघालं आणि वाढत वाढत रीतसर मासिक होऊन बसलं. दोन्ही शेवट मला सारखेच रास्त वाटतात.

जपानकडे मात्र थांबून पाहायला हवं. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिलं ‘कॉमिक मार्केट’ भरलं तेव्हा ३२ गट आणि साधारण ७०० माणसं होती. आज हे मार्केट, म्हणजेच ‘कॉमिकेट’, वर्षातून दोनदा भरतं, टोकियो बिग साइटमध्ये, आणि गर्दी लाखांत मोजली जाते. चाहत्यांनी स्वतः छापलेल्या या अंकांना तिथे दोजिंशी म्हणतात. ‘क्लॅम्प’ या गाजलेल्या मांगाकार मैत्रिणींची सुरुवात दोजिंशीतलीच. टेबल मिळालेल्या प्रत्येक गटानं आपल्या अंकाची एक नमुना प्रत संयोजकांना द्यायची असते. इथे गिऱ्हाईक कोणी नाही. विकणारे, घेणारे, स्वयंसेवक सगळे सहभागीच, ही संयोजकांची भूमिका आहे. लाखोंच्या गर्दीत ती कितपत उतरते यावर वाद घालता येईल. पण या व्यवस्थेची खरी ताकद मला वेगळ्याच जागी दिसते, ती म्हणजे तारखेत. दोजिंशी छापणारे छापखाने फाइल लवकर देणाऱ्याला सवलत देतात, उशीर करणाऱ्याकडून जास्त घेतात, आणि जत्रेचा दिवस काही केल्या हलत नाही. कथेची चार पानं अपुरी राहिली तर अंक चार पानांनी बारीक निघतो, पण निघतो. ऑनलाइन गटांनी काढलेल्या अंकांना असा पक्का दिवस नसतो, म्हणून ते लांबतात. मुंबईत ‘बॉम्बे अंडरग्राउंड’ या गटानं झाइनचे मेळे भरवले आहेत. आपल्या शहरात तसं काही नसेल तर एखादं प्रदर्शन, कॉलेजचा महोत्सव, अगदी लाडक्या मालिकेचा वर्धापनदिनही चालेल. तारीख बाहेरची असावी, आपल्या हातात नसलेली.

आता कागदाकडे. पहिला अंक एका ए-फोर कागदाचा करावा. कागद तीनदा दुमडून आठ चौकोन पाडायचे, मधल्या लांब घडीवर आतल्या दोन चौकोनांइतका काप द्यायचा, मग लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की आठ पानांची चोपडी हातात येते. छपाई एकाच बाजूला, पिन नाही, बाइंडर नाही. पान ७४ बाय १०५ मिलिमीटरचं. वरच्या रांगेतली चार पानं उलटी लावायची असतात, हे छापण्याआधी कोऱ्या कागदाची डमी करून त्यावर आकडे घातले की लक्षात येतं. एवढ्या जागेत एकच गोष्ट मावते: एका भागावरचं टिपण, एका पात्राची चार रेखाटनं, आवडत्या गाण्याबद्दलचं भांडण. मावत नाही ते आपोआप गळतं, आणि नवख्याला हे गळणंच शिकायचं असतं.

देवनागरीचे काही जाच वेगळे आहेत. एवढ्याशा पानावर अक्षर नऊ पॉइंटांच्या खाली गेलं की झेरॉक्समध्ये रफार आणि अनुस्वार बुजू लागतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट विनामूल्य आहेत, आणि ‘मुक्त’ छोट्या आकारात निभावतो. युनिकोडमधला मजकूर नाक्यावरच्या डीटीपीवाल्याकडे नेला आणि त्याच्याकडे जुनं पेजमेकर असेल तर जोडाक्षरं फुटलीच म्हणून समजा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या नको त्या बाजूला जाऊन बसते. म्हणून पानं घरी लावून, फॉन्ट आत बसवून, पीडीएफच न्यावी. आणि ती पीडीएफ पडद्यावर न वाचता एकदा कागदावर छापून वाचावी.

दुसरा अंक ए-फाइव्ह आकाराचा, सेंटर पिनचा. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावीच लागते. चित्रं ३०० डीपीआयची, पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंग चहूकडून ३ मिलिमीटर बाहेर काढलेला, आतला कागद ७० ते ८० जीएसएमचा मॅपलिथो. सोळा पानांची एक प्रत म्हणजे चार ए-फोर कागद, दोन्ही बाजू धरून आठ ठसे. ५० प्रतींचे ४००. ठशाला दीड-दोन रुपये धरले तर काळ्या-पांढऱ्या छपाईचा हिशेब ६०० ते ८०० रुपयांत बसतो. रंगीत केलं की हाच आकडा कित्येक पट होतो, आणि पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा रंग कागदावर मंद येतो तो वेगळाच. ऑफसेट काहीशे प्रतींच्या पुढेच परवडतं. शंभर वाचक ठाऊक नसताना पाचशे प्रती छापणाऱ्यांच्या पलंगाखाली पुढे काय साठतं, ते सांगायला नको.

संयोजनाचा प्रश्न इथून सुरू होतो. सध्याच्या मोठ्या, सामूहिक फॅनझाइनांची ठरलेली पद्धत आहे: आधी कल अजमावणारा फॉर्म, मग संयोजकांच्या म्हणजे ‘मॉड’ मंडळींच्या नेमणुका, मग चित्रकार-लेखकांचे अर्ज, निवड, दोन-तीन टप्प्यांवर कामाची पाहणी, अंतिम फाइली, मांडणी, आगाऊ नोंदणी, छपाई आणि पाठवणी. मुख्य संयोजक, चित्रांचा, मजकुराचा, मांडणीचा, पैशांचा आणि टपालाचा अशी माणसं वेगवेगळी असतात. जोडीला स्टिकर, किचेन, प्रिंट असा माल. यात चांगलं ते पाहणीचे टप्पे आणि आयत्या वेळी गळालेल्या माणसाच्या जागी काम करणारा ‘पिंच हिटर’ आधीच ठरवून ठेवण्याची रीत. अर्ज मागवून निवड करणं मात्र पहिल्या खेपेला टाळावं. ज्यांना नकार जातो ते तुमचेच वाचक असतात, आणि एका प्रकल्पापायी आख्ख्या चाहतेमंडळात अढी बसते. सहा-सात ओळखीच्यांना आमंत्रण द्यावं, प्रत्येकाला दोन पानं, आणि पाहणी एकदा अर्ध्यावर, एकदा शेवटच्या पंधरवड्यात. स्टिकर-किचेनच्या नादी लागूच नये. त्यांनी पाकिटाचं वजन वाढतं, संपादकाचं लक्ष अंकावरून उडतं.

पैशांबद्दल मी हट्टी आहे. सगळ्या फाइली हातात येण्याआधी कोणाकडूनही रुपया घेऊ नये. आगाऊ नोंदणीचे पैसे घेऊन अंक न देणारे संयोजक या जगात हवे तितके होऊन गेले आहेत, आणि त्यातले बहुतेक लबाड नव्हते. काम अंगावर आलं आणि तोंड चुकवत राहिले. हिशेब निदान दोघांना उघडा असावा. लेखक-चित्रकारांना प्रत फुकट मिळणार का, उरलेल्या पैशांचं काय होणार, हे पहिल्याच निरोपात लिहावं. शिल्लक एखाद्या संस्थेला देणगी म्हणून जायची असेल तर संस्था आधी जाहीर करून पावती नंतर सगळ्यांना दाखवावी. टपालखर्चाचा अंदाज तर बांधूच नये; एक प्रत पाकिटात घालून टपाल कार्यालयाच्या खिडकीवर वजन करून घ्यावी. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा जुन्या अंकांवरून काढलेले आडाखे चुकतात. परदेशी वाचकांना पीडीएफ द्यावी आणि मोकळं व्हावं.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण टाळून चालणार नाही. भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९५७ च्या कायद्याचं ५२ वं कलम टीका, समीक्षा आणि खासगी वापर यांना मुभा देतं. पात्रं उचलून नवी कथा छापून विकण्याला अशी सरळ मुभा नाही. ज्युल व्हर्न १९०५ मध्ये वारले, त्यांच्या कादंबऱ्यांवर हवं ते करा. व्हर्नना मराठीत आणणारे भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे अनुवाद आणि फास्टर फेणे २०६१ संपेपर्यंत बांधलेले. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ कधीच मोकळं झालं आहे, नारायण धारपांचे समर्थ २०६८ पर्यंत नाहीत. धारपांवर अंक काढूच नये असं नाही. त्यांच्या भीतीची रीत, मुखपृष्ठांच्या आठवणी, कोणती कथा कोणत्या वयात वाचली आणि दिवा चालू ठेवून झोपलो, याचं आख्खं फॅनझाइन होईल आणि कुणाची हरकत येण्यासारखं त्यात काही नसेल. आतल्या बाजूचाही एक नियम आहे: अंकातलं चित्र चित्रकाराचंच राहतं, आणि हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर लेखी लागतो. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत, असं हाच कायदा धरतो. संयोजकानं हक्क मागूच नयेत. या अंकात आणि त्याच्या पीडीएफमध्ये छापायची परवानगी पुरे, तीही लेखी.

नोंदणीची भीती बऱ्याच जणांना असते. १८६७ च्या कायद्याच्या जागी आलेला २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला. तो ठराविक मुदतीनं निघणाऱ्या, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणाऱ्या प्रकाशनांना धरून आहे. मनाला येईल तेव्हा निघणारं एखाद्या मालिकेवरचं फॅनझाइन त्या व्याख्येत बसत नाही. आयएसबीएनही लागत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग जपणुकीचा. आयोवा विद्यापीठात आणि ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात चाहत्यांच्या अंकांचे मोठे संग्रह आहेत, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात खास झाइनांचं ग्रंथालय आहे. झाइनांचे संग्रह लावणाऱ्यांना हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे अंकावर तारीख नसणं. म्हणून शेवटच्या पानावर महिना, वर्ष, गाव, प्रतींची संख्या आणि निदान एक टिकाऊ पत्ता छापावा. टोपणनावानं लिहिणाऱ्यांचं खरं नाव छापू नये, पण त्यांना कसं विचारायचं ते लिहून ठेवावं. पंचवीस वर्षांनी कोणी पुनर्मुद्रणाची परवानगी मागितली तर तीच नोंद कामी येते. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ठिकाणी द्यायच्या असतात, आणि त्या कायद्याच्या लेखी पुस्तिकासुद्धा पुस्तकच आहे. झाइनवाले हे कशाला करतील म्हणा. निदान दोन प्रती स्वतःकडे वेगळ्या ठेवाव्यात, आणि त्यांच्या पिना काढून दोरा ओवावा. पिना आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजतात आणि मधलं पान आधी सुटतं.